वऱ्हाडातील खुराडे : एका उपेक्षित वास्तूचा इतिहास

१. विषय आणि व्याप्ती

वऱ्हाडच्या इतिहासलेखनात दगड, चुना आणि दस्तऐवज यांना जे स्थान मिळाले ते माती, बांबू आणि नित्याचा व्यवहार यांना मिळालेले नाही. गाविलगड व नरनाळा हे किल्ले, अचलपूरची नबाबी, १८५३ चा तह, कापसाचा व्यापार आणि त्यापाठोपाठ आलेला लोहमार्ग या विषयांचा अभ्यास झालेला आहे. खेड्यातील वास्तूंपैकी पाटलाची गढी, बारव आणि धान्याचे पेव यांचाही उल्लेख निदान प्रसंगाने तरी येतो. परंतु जी वास्तू संख्येने या सर्वांहून अधिक होती, जी दर काही वर्षांनी मोडत होती व पुन्हा उभारली जात होती, आणि जिच्या एका फटीवर गरीब घराची वर्षाची शिल्लक अवलंबून असे, ती वास्तू, म्हणजे कोंबड्यांचे खुराडे, इतिहासकाराच्या दृष्टीस पडलेली नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे खुराडे होय. विवेचनाचे क्षेत्र अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे, म्हणजे पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि त्याच्या उत्तरेस असलेला मेळघाटाचा डोंगराळ मुलूख, एवढे मर्यादित ठेवले आहे.

निबंधात दोन विधाने मांडावयाची आहेत. पहिले असे की, कोणतीही संरक्षक वास्तू ही तिच्या निर्मात्याला ठाऊक असलेल्या शत्रूंची यादी असते. गढीचे बुरूज पाहून जसा आक्रमकाचा अंदाज करता येतो, तसाच खुराड्याचे दार, जोते आणि छप्पर पाहून मुंगूस, रानमांजर, कोल्हा व साप यांचा अंदाज करता येतो. दुसरे विधान पहिल्याहून महत्त्वाचे आहे. खुराडे हे दुधारी साधन आहे. ते कोंबड्यांना एकत्र आणते आणि त्यांची पळण्याची वाट बंद करते. त्यामुळे पक्के खुराडे हे संरक्षण ठरते, पण अर्धेकच्चे खुराडे मात्र खुराडे मुळीच नसण्याहून अधिक घातक ठरते. वऱ्हाडातील खुराड्याचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या सत्याशी गावकऱ्यांनी, आणि विशेषतः गावातील स्त्रियांनी, केलेल्या दीर्घ झगड्याचा इतिहास आहे.

२. फांदी : पहिले खुराडे

खुराड्याचा विचार करण्यापूर्वी कोंबडी त्यापूर्वी कोठे निजत होती हे पाहणे अवश्य आहे. पाळीव कोंबडीची मुख्य वंशशाखा लाल रानकोंबड्याची असून, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आनुवंशिक अभ्यासाने तिचे मूळ आग्नेय आशिया व नैर्ऋत्य चीन या पट्ट्यातील उपजातीत शोधले आहे. तथापि या वंशात भारतीय द्वीपकल्पाचाही वाटा आहे. अनेक पाळीव जातींत आढळणारा कातडीचा व पायांचा पिवळा रंग हा राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले. हा राखी रानकोंबडा मेळघाटच्या जंगलात आजही आहे. म्हणजे सेमाडोह-कोलकासच्या परिसरातील गावकऱ्यास आपल्या अंगणातील कोंबडीचा रानातील भाऊबंद पहाटे ऐकू येतो.

रानकोंबडा दिवसभर जमिनीवर चरतो, पण सूर्यास्ताच्या सुमारास झाडावर चढतो. याचे कारण त्याच्या डोळ्यांत आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी त्याच्या डोळ्यांत विपुल आहेत, परंतु मंद प्रकाशात पाहण्याची शक्ती अल्प आहे. काळोख पडला की हा पक्षी जवळजवळ आंधळा होतो, आणि म्हणून काळोख पडण्यापूर्वीच उंच जागा गाठतो. पाळीव कोंबडीने हा स्वभाव सोडलेला नाही. अंगणातील बाभळीवर, गोठ्याच्या आढ्यावर किंवा उभ्या केलेल्या गाडीच्या जुवावर बसून रात्र काढणारी गावठी कोंबडी आपल्या पूर्वजांचाच नियम पाळीत असते.

खुराडे ही मूलतः या फांदीची मानवनिर्मित प्रतिकृती होय. मात्र दोहोंत एक भेद आहे. फांदीवर बसलेल्या दहा कोंबड्यांपैकी एकीवर झडप पडली तर उरलेल्या नऊ फडफडून चहूकडे पांगतात. खुराड्यातील दहा कोंबड्यांना पांगण्यास जागाच नसते. या भेदाचा परिणाम पुढे पाहू.

३. लिखित साधनांचे मौन

कोंबडीसंबंधी प्राचीन लिखित साधने मूक नाहीत, परंतु जे सांगावयास हवे ते ती सांगत नाहीत. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोंबड्यांची खच्ची करू नये असा आदेश आहे. मनुस्मृतीने द्विजांसाठी ग्रामकुक्कुट अभक्ष्य ठरविला आणि त्याला लसूण-कांद्याच्या पंक्तीस बसविले. या निषेधाचा एक ऐतिहासिक परिणाम असा की, ज्या वर्गाच्या हाती लेखणी होती त्या वर्गाच्या घरी कोंबडी नव्हती. वऱ्हाडात कोंबडी कोरकू व गोंडांच्या पाड्यांत, महार-मांगांच्या वस्तीत, मुसलमानांच्या मोहल्ल्यात आणि अनेक कुणबी घरांच्या परसात होती. या घरांनी दफ्तरे ठेविली नाहीत.

लिखित साधन जेथे मूक असते तेथे भाषा बोलते. मराठीत कोंबड्यांसाठी वापरला जाणारा 'डालणे' हा धातू या दृष्टीने मोलाचा आहे. संध्याकाळी कोंबड्या 'डालल्या' जातात, म्हणजे टोपलीखाली झाकल्या किंवा खुराड्यात कोंडल्या जातात. ज्या क्रियेसाठी स्वतंत्र क्रियापद असते ती क्रिया समाजाच्या नित्यक्रमात पक्की रुजलेली असते. अंड्यांवर बसू पाहणारी ती 'खुडूक', अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी ती 'तलंग', आणि कोंबडीला अंड्यांवर बसविणे ते 'रवण'. या शब्दांवरून पालनाची प्रत्येक अवस्था किती बारकाईने न्याहाळली जात होती हे कळते.

म्हणींतही असाच पुरावा आहे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही म्हण आपण सत्याच्या अटळपणाबद्दल वापरतो. परंतु इतिहासकाराने तिचा वाच्यार्थही घ्यावा. कोंबडे रात्री झाकले जात होते आणि पहाट झाली की झाकणाखालूनच ते आरवत होते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती, एवढी ती परिचित होती. त्याचप्रमाणे अत्यंत कोंदट व अपुऱ्या घराला आपण खुराडे म्हणतो. हा वापर या वास्तूच्या एका खऱ्या दोषाकडे बोट दाखवितो. त्याचा विचार पाचव्या विभागात येईल.

४. डालगे

वऱ्हाडातील सर्वांत साधे खुराडे म्हणजे बांबूच्या कामट्यांचे विणलेले डालगे. बांबू मेळघाटातून येत असे आणि विणकाम बुरडाचे. पालथे घातलेले हे डालगे दिवसा अंगणात लहान पिलांवर असे व रात्री घरात किंवा पडवीत मोठ्या कोंबड्यांवर असे. वर एखादा पाटा किंवा दगड ठेविला की काम झाले.

या साधनाच्या शत्रूंची यादी सहज वाचता येते. दिवसाचे डालगे हे घार, शिक्रा आणि कावळा यांच्याविरुद्ध आहे. विणीतून हवा व उजेड आत जातो, पण झडप आत जात नाही. रात्रीच्या डालग्याचे खरे संरक्षण मात्र बांबूत नसून माणसाच्या सान्निध्यात आहे. घरात निजलेली माणसे, दाराशी असलेला कुत्रा आणि चुलीतील विस्तव यांच्या आवारात डालगे ठेविलेले असे. म्हणजे डालगे हे कुंपण नसून केवळ कोंबड्यांना एका जागी ठेवण्याचे साधन होते, आणि राखणदार होते ते कुटुंब.

या व्यवस्थेची मर्यादा तिच्या आकारात होती. एका डालग्याखाली चार-सहा कोंबड्यांहून अधिक मावत नाहीत. कोंबड्या वाढल्या की एकतर डालगी वाढवावी लागत, आणि मग माणसांच्या निजण्याची जागा कमी होई, किंवा कोंबड्या घराबाहेर काढाव्या लागत. कोंबड्या घराबाहेर निजू लागल्या त्या क्षणापासून कुटुंबाचे राखणदारपण संपले आणि भिंतीचे सुरू झाले.

५. माती आणि तिचे दोष

खेड्याची जमीन वऱ्हाडी माणूस पूर्वापार दोन प्रकारची मानीत आला आहे. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गढीच्या भिंतींना जी पांढरी माती लागे तीच घरांच्या भिंतींना व खुराड्यांनाही लागे. घराच्या ओट्याला लागून किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात मातीचे बुटके घरटे उभारावयाचे, वर फळ्या किंवा फांद्या टाकून माती लिंपावयाची, आणि पुढे कोंबडी वाकून जाईल एवढे दार ठेवून त्याला फळी व दगड लावावयाचा, ही याची साधी रीत. जेथे मातीची भिंत परवडत नसे तेथे पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड उभा करून त्यावर शेणमातीचा गिलावा देत. कापूस व तूर ही वऱ्हाडची पिके असल्याने हे सामान शेतातच मिळे व त्याला पैसा पडत नसे.

मातीच्या खुराड्याने कुत्रे व कोल्हे यांना अडविले. पण तीन नवी संकटे त्याच्याबरोबर आली.

पहिले संकट जमिनीचे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून खोल भेगाळते. काळ्या मातीवर थेट उभारलेली भिंत दर वर्षी हलते. जोते व भिंत यांच्यामध्ये पडलेली बोटभर फट प्रथम घुशीच्या उपयोगी पडते, घुशीने ती मोठी केली की सापाच्या, आणि शेवटी मुंगसाच्या. म्हणून जाणते लोक खुराड्याखाली मुरूम ठोकून घेत. मुरूम फुगत नाही व त्यात सहजासहजी बीळही पडत नाही.

दुसरे संकट छपराचे. उदमांजर, ज्याला कांडेचोर असेही म्हणतात, चढण्यात पटाईत असते. कवेलू सरकवून किंवा गवताचे छप्पर उसवून ते वरून उतरते. दाराला दगड लावून निश्चिंत झालेल्या घरधनिणीने छपराचा विचार केलेला नसेल तर तिचा सारा बंदोबस्त व्यर्थ होतो.

तिसरे संकट सर्वांत लपलेले. मातीच्या भिंतीला वाऱ्याची वाट नव्हती. आत दमटपणा व अमोनियाचा उग्र वास साचे, आणि भिंतीच्या बारीक भेगांत कोंबड्यांच्या गोचिडी राहत. ही गोचीड दिवसा भेगेत दडते व रात्री बाहेर येऊन निजलेल्या पक्ष्याचे रक्त पिते. ती कोंबड्यांमध्ये स्पायरोकीटजन्य ज्वरही पसरविते. म्हणजे ज्या भिंतीने बाहेरचा शत्रू अडवावयाचा तीच आतल्या शत्रूचे घर बनली. खुराडे हा शब्द कोंदट जागेला का लागला याचे उत्तर येथे आहे.

६. दोन पायांचे शत्रू

खुराड्याच्या शत्रूंत मनुष्यास वगळणे इतिहासाला धरून होणार नाही. वऱ्हाडातून सैन्ये वारंवार गेली. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातील आडगाव येथे व डिसेंबरात गाविलगडावर इंग्रज व मराठे यांच्यात लढाया झाल्या, आणि १८१७-१८ पर्यंत पेंढाऱ्यांचा उपद्रव चालू होता. लष्कराच्या वाटेवरील गावात धान्याचे पेव जमिनीखाली लपविता येई, जनावरे रानात हाकता येत. कोंबडी मात्र ओरडून आपला पत्ता स्वतःच देते.

शांततेच्या काळातही हा शत्रू गेला नाही, त्याने वेष पालटला. इंग्रजी अमलात दौऱ्यावरील साहेबाच्या मुक्कामाला गावाने रसद पुरविण्याची प्रथा देशभर होती, आणि त्या रसदीत कोंबड्या व अंडी असत. मोल ठरे ते बहुधा शिपाई किंवा खानसामा यांच्या मर्जीने. ज्या वस्तीत बेगार होती त्याच वस्तीतील खुराड्यावर हा भार पडे. मुंगसाला फट लागते. या शत्रूला फटीची गरज नव्हती, कारण दार मालकिणीनेच उघडून द्यावे लागे.

७. जे मोजले गेले आणि जे मोजले गेले नाही

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने हिंस्र पशूंच्या उपद्रवाची नोंद पद्धतशीर ठेवण्यास आरंभ केला. १८७० नंतरच्या दशकापासून वन्य पशू व सर्प यांनी मारलेली माणसे आणि गुरे यांचे आकडे प्रांतवार प्रसिद्ध होऊ लागले, आणि वाघ, बिबट, लांडगा यांसारख्या प्राण्यांच्या शिकारीस इनामे दिली जाऊ लागली. या नोंदींवरून वन्य पशू व शेती यांच्या संघर्षाचा इतिहास लिहिला जातो, व ते योग्यच आहे.

तथापि या रकान्यांत काय नाही हे पाहिले पाहिजे. माणसे आहेत, गुरे आहेत, कोंबड्या नाहीत. शिवाय कोंबड्यांचे नित्याचे शत्रू म्हणजे मुंगूस, रानमांजर, उदमांजर, खोकड व साप. यांपैकी सर्प सोडला तर एकही त्या काळच्या राज्यकर्त्याला चिंताजनक वाटला नाही, आणि सर्पही वाटला तो माणसास चावतो म्हणून. ज्याच्या घरी बैल होता त्याची हानी सरकारी पुस्तकात गेली. जिच्या घरी फक्त कोंबड्या होत्या तिच्या हानीस रकाना नव्हता. इतिहासाच्या साधनांत वर्गभेद कसा शिरतो याचे हे लहानसे पण स्पष्ट उदाहरण आहे.

ही हानी लहान होती असे कोणी म्हणेल. त्यासाठी वऱ्हाडच्या अर्थव्यवहाराचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे. कापसाचा पैसा वेचणीनंतर, म्हणजे दिवाळीच्या पुढे येतो. पावसाळ्याच्या मध्यावर भूमिहीन व अल्पभूधारक घरात धान्यही संपत आलेले असते आणि रोकडही नसते. अशा वेळी अंडी आणि एखादी तलंग बाजारात जाते, आणि तेवढ्यात मीठ-मिरची, औषध किंवा मुलाची पाटी-पुस्तके येतात. पाहुण्याचा मान आणि देवाचा नवसही याच कळपातून फिटत असे. शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनांतून पशुबळीवर जो प्रहार केला तो या नवसाच्या प्रथेवरही होता. हा सारा व्यवहार बहुधा घरच्या स्त्रीच्या हाती असे. आणि नेमक्या याच ऋतूत ज्वारी व तूर माणसाहून उंच होऊन शिवार गावाच्या कुंपणापर्यंत दाट होते, त्यामुळे रानमांजराला व कोल्ह्याला आडोसा मिळतो. गरज सर्वाधिक असते तेव्हाच धोकाही सर्वाधिक असतो.

आता दुसऱ्या भेदाकडे वळू. कोंबड्या गमावल्याच्या हकिकतींत एक गोष्ट वारंवार येते. शत्रू आत शिरला तर एक-दोन कोंबड्या नेऊन थांबत नाही, सगळ्यांना मारून टाकतो आणि बहुतेक तेथेच सोडून जातो. लोक याला प्राण्याची क्रूरता समजतात. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये या वर्तनाची मीमांसा केली. अतिशय काळोख्या रात्री इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गल पक्षी कोल्हा जवळ आला तरी उडत नसत, आणि मग कोल्हा खाण्याच्या गरजेपलीकडे मारीत सुटे, असे त्यांनी पाहिले होते. भक्ष्य पळून जाते म्हणून शिकारी साधारणतः एकावर थांबतो. भक्ष्य पळेनासे झाले की ते थांबविणारे कारणच उरत नाही.

खुराड्याची स्थिती हीच आहे. आंधळ्या काळोखात, चार भिंतींच्या आत, पळण्यास वाव नसलेले पक्षी. म्हणून एका रात्रीत कळप संपतो. फांदीवरील कोंबडी एकेक करून कमी झाली असती. फट असलेल्या खुराड्यातील कोंबड्या एकदम जातात. आरंभी केलेल्या दुसऱ्या विधानाचा आधार हा आहे, आणि पुढील काळातील प्रत्येक सुधारणेची कसोटीही हीच आहे.

८. जाळी, सुधारित जाती आणि नवे प्रश्न

विसाव्या शतकात वऱ्हाडच्या खेड्यात रॉकेलचा डबा, पत्रा आणि तारेची जाळी आली. षट्कोनी विणीची तारेची जाळी नॉर्विच येथील चार्ल्स बर्नार्ड याने १८४४ मध्ये कापड विणण्याच्या मागाच्या धर्तीवर यंत्राने तयार केली. तीच पुढे जगभर कोंबड्यांची जाळी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिने मातीच्या खुराड्याचा मोठा दोष, म्हणजे वाऱ्याचा अभाव, दूर केला. मात्र तिच्या नावाने एक गैरसमजही पसरला. ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. तिची तार बारीक असते व कुत्रा ती दातांनी फाडतो. तिच्या छिद्रांतून साप व लहान मुंगूस सहज जातात, आणि जाळीला टेकून निजलेल्या कोंबडीला बाहेरूनच पंजा घालून ओढता येते. मातीच्या भिंतीने निदान कोंबडी दिसू दिली नसती.

याच सुमारास कोंबडीही बदलली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेस आरंभ झाला. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रातील कृषिखाते अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांकडे होते. या काळात व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड यांसारख्या विदेशी जातींचा देशभर प्रसार झाला. अंडी वाढली, हे निर्विवाद आहे. परंतु पांढरी कोंबडी दुरून दिसते, आणि वजनदार कोंबडी फांदी गाठू शकत नाही. गावठी कोंबडी थोडी अंडी देत होती आणि स्वतःचे रक्षण बरेचसे स्वतः करीत होती. सुधारित कोंबडीचे रक्षण संपूर्णपणे खुराड्यावर येऊन पडले. पक्षी वाटण्याइतके लक्ष खुराड्यावर गेले नाही, तेथे योजनेचे फळ मुंगसाने खाल्ले.

पुढे संशोधकांनी हा धडा घेतलेला दिसतो. परसातील पालनासाठी हैदराबाद येथील केंद्रीय संस्थेत तयार झालेली 'वनराज' ही जात रंगीत पिसांची व लांब पायांची आहे. शत्रूच्या दृष्टीतून व तावडीतून सुटणे हा त्यामागील एक हेतू होय. म्हणजे आधुनिक शास्त्राने फिरून रानकोंबड्याचे गुण कोंबडीला परत दिले. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले कृषि विद्यापीठ, आज डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणारे, आणि तेथील पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण यांमुळे हे ज्ञान वऱ्हाडच्या दाराशी उपलब्ध आहे.

रोगाचाही येथे विचार केला पाहिजे, कारण कळप गमावण्याचे ते दुसरे मोठे कारण. ज्याला गावात मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग १९२७ मध्ये कुमाऊँतील त्या गावी ओळखला गेला. मानमोडी हेच नाव १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात लावले गेले होते, यावरून त्या शब्दात साठलेली भीती कळते. पुढे लस आली. तरीही दाटी हा दोष उरतोच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली बर्ड फ्लूची साथ निश्चित झाली, तेव्हा मोठमोठ्या कुक्कुटशाळांतील पक्षी नष्ट करावे लागले. एका फटीतून शिरलेला विषाणू आणि एका फटीतून शिरलेले मुंगूस यांचे गणित एकच आहे. जेवढे अधिक पक्षी एका छपराखाली, तेवढी एका चुकीची किंमत अधिक.

९. पक्के खुराडे : अनुभवाचा सारांश

वरील इतिहासातून अभेद्य खुराड्याची जी रूपरेषा निघते ती अशी. जोते मुरमाचे, आजूबाजूच्या जमिनीहून दीड-दोन फूट उंच. किंवा शेतराखणीच्या मचाणाच्या तत्त्वावर खांबांवर उचललेले. खालचा दोन-तीन फूट भाग विटांचा अथवा पत्र्याचा, म्हणजे निजलेली कोंबडी बाहेरून दिसणार नाही. त्यावर अर्ध्या इंचाच्या छिद्राची जाड, सांधे जोडलेली जाळी. भिंतीच्या पायथ्याशी तीच जाळी दीड-दोन फूट बाहेरच्या बाजूस जमिनीत आडवी पुरलेली, कारण उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो व जाळी लागताच थांबतो. छपराखाली मोकळी फट नाही, पण वाऱ्यासाठी जाळीची झरोक्यांची रांग. आत फांदीची आठवण म्हणून आडवी दांडी. रात्रीपुरत्या निवाऱ्यास प्रत्येक कोंबडीमागे सुमारे एक चौरस फूट जागा. दाराला दोन खिट्ट्या. आणि सूर्यास्ताला, काळोखानंतर नव्हे, मोजून डालण्याचा नेम.

या यादीत नवीन असे फार थोडे आहे. मुरूम मातीच्या खुराड्याने शिकविला, हवा डालग्याने, उंची फांदीने. प्रत्येक कलमामागे कोणाच्या तरी गेलेल्या कोंबड्या आहेत. आणि शेवटचे कलम, सूर्यास्ताला मोजून डालणे, हे कोणत्याही सामानाने होत नाही, त्याला माणूसच लागतो. डालग्याच्या काळी जे कुटुंब राखणदार होते ते या एका नेमात अजून शिल्लक आहे.

१०. उपसंहार

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परिस्थितीला नवे वळण दिले. मेळघाट १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक ठरला. अमरावती शहरालगतच्या पोहरा-मालखेडच्या वनातही बिबट आहे. मुंगूस व रानमांजर आज संरक्षित आहेत, व ते उंदीर-घुशींना खाऊन शेतकऱ्याचे हितही करतात. पूर्वी शत्रूला मारणे हा एक उपाय होता. आता उपाय एकच राहिला आहे, तो म्हणजे भिंत. संरक्षणाचा खर्च बंदुकीवरून भिंतीवर आला, आणि ही भिंत बांधण्याचा भार पुन्हा त्याच परसावर आला, जिथे रोकड कमी आहे.

हा प्रश्न कालबाह्य झालेला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्षी ८५ कोटींहून अधिक आढळले. त्यांपैकी परसातील पक्षी सुमारे ३१.७ कोटी असून मागील गणनेच्या तुलनेत त्यांत जवळजवळ ४६ टक्के वाढ झाली होती. मोठ्या कुक्कुटशाळांच्या काळातही परसातील कोंबडी हटलेली नाही.

म्हणून या विषयाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. मातीची व कुडाची खुराडी झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावे, मापे व बांधणीची कारणेही जात आहेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील, बागायती पट्ट्यातील व मेळघाटातील निवडक गावांत जाऊन खुराड्यांचे आराखडे काढणे, त्यांच्या भागांची स्थानिक नावे टिपणे, आणि प्रत्येक बदल कोणत्या हानीनंतर झाला हे घरच्या वृद्ध स्त्रियांकडून विचारून घेणे, एवढे काम एका प्रबंधाला पुरेल. सरकारी रकान्यात जी हानी कधी लिहिली गेली नाही तिची नोंद त्या वास्तूंच्या रचनेत आहे. त्या उभ्या आहेत तोपर्यंतच ती वाचता येईल.